तापलेलं इंजिन

मी इंजिनाच्या काळ्या झाकणावर हात ठेवला, तर ते कोमट लागलं. उन्हात तापलेलं फायबर कसं लागतं ते फ्लोरिडात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. ते वरच्या वर चटका देतं. हे तसं नव्हतं. सकाळची वेळ, बोट गॅरेजच्या सावलीत ट्रेलरवर उभी, आणि ऊब आतून येत होती. विकणारा माणूस नेमका तेव्हा सांगत होता की महिना झाला, बोट पाण्यात गेलेली नाही, इंजिनाला हात लावायलाही वेळ मिळत नाही, म्हणून तर विकतोय. हे सगळं तो माझ्या नवऱ्याला सांगत होता. नवरा नागपूरचा, समुद्राशी त्याची ओळख कॉलेजच्या सहलीतली, तीही गुडघाभर पाण्यातली. तो मन लावून मान डोलवत होता. मी मागे ट्रान्समपाशी, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीपाशी, हात झाकणावर. माणसाने बागेचा पाइप इंजिनाला जोडला, नळ सोडला, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात उठलं, बाजूच्या भोकातून पाण्याची धार सुरेख उडाली. "ऐका कसं चालतंय," तो नवऱ्याला म्हणाला. चालत होतं खरं. तक्रारीला जागाच नव्हती.

गाडीत बसल्यावर मात्र ती ऊब तळहाताला चिकटून राहिली. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाची खरी परीक्षा ते थंड असतानाच होते. रात्रभर निवलेलं इंजिन पहिल्या किल्लीला उठतं की कुरकुरतं, उठल्यावर धूर किती काढतं, सुरात यायला किती वेळ घेतं, यात त्याच्या पोटातली बरीच दुखणी कळतात. इंजेक्टर चोंदलेत का, सिलिंडरचा दाब कमी झालाय का, बॅटरी दमलीये का. एकदा तापलं की यातली निम्मी लक्षणं दबतात. नवरा म्हणाला, "अगं, आपण येणार म्हणून सकाळी एकदा चालू करून बघितलं असेल. बिचाऱ्याला वाटलं असेल, ऐन वेळी फजिती नको." असेलही. पण मग महिनाभर हात लावला नाही असं कशाला सांगायचं?

रात्री मामाला फोन लावला. आमची रात्र म्हणजे मालवणात पहाट, तो तेव्हा चहाचा पेला घेऊन पडवीत बसलेला असतो. मामाचा जन्म होड्यांत गेला. आधी लाकडाची उलांडीवाली, मग फायबरची, मग त्या फायबरला मागे मशीन. मी सगळी हकिगत सांगितली. त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "गिऱ्हाईक येवच्या आधी मशीन तापवून ठेवल्यान, म्हणजे तेका म्हायत आसा काय लपवचा ता. परत जा. न सांगता जा." मग जरा थांबून, "आणि तू कित्याक घेतस होडी? थंय बाजारात मासे गावनत नाय?"

इंजिनाच्या उबेपेक्षा हा प्रश्न अवघड होता. टँपा बेच्या काठी राहायला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली. सनशाइन स्कायवे पुलावरून गाडीने जाताना दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, खाली पांढऱ्या ठिपक्यांसारख्या बोटी, आणि आपण काचेआड, ए. सी. लावून. या खाडीत आणि बाहेरच्या गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात, सुरमईची सख्खी भावंडं पोहतात. स्पॅनिश मॅकरेल म्हणून जो मासा इथे मिळतो तो बाजूला सोनेरी ठिपके असलेला, सुरमईच्याच कुळातला. त्याचा थोरला भाऊ किंगफिश. दुकानात हे क्वचितच येतात, कारण हा मासा टिकत नाही आणि इथल्या लोकांना पांढऱ्या, वास नसलेल्या तुकड्यांची सवय. मी पहिल्यांदा पिअरवर कुणीतरी नुकताच काढलेला मॅकरेल पाहिला, तेव्हा त्याच्या पाठीची ती निळसर-हिरवी झाक बघून घशात काहीतरी दाटून आलं होतं. हे सगळं मामाला कसं सांगणार? त्याच्यासाठी होडी म्हणजे पोट. माझ्यासाठी शनिवार. त्याच्या वयाची माणसं अजून पहाटे पाण्यात जातात आणि मी इथे हौसेखातर त्याच यंत्रावर हजारो डॉलर घालायला निघालेय, याची थोडी लाज वाटते. ती अजून गेलेली नाही, आणि तिने मला थांबवलंही नाही.

तर बोट. आम्हाला हवी होती ती सेंटर कन्सोल. म्हणजे मधोमध उभं राहून चालवायचं सुकाणू, त्याच्या चारी बाजूंनी मोकळा डेक, केबिन नाही, गादी-गिर्द्या नाहीत. गळाला लागलेला मासा बोटीभोवती फिरला तर तुम्हीही त्याच्यामागे फिरू शकता. परत आल्यावर पाइप मारून आतून-बाहेरून धुता येते, आणि खाऱ्या पाण्यात याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. अमेरिकेच्या या किनाऱ्यावर कोळ्यांपासून दंतवैद्यांपर्यंत सगळ्यांकडे हीच दिसते. नवी घ्यायची ऐपत नव्हती. इंजिनासकट २३ फुटी नवी बोट म्हणजे इथे दोन बऱ्या मोटारींची किंमत सहज. म्हणून जुनी. आणि जुनी म्हटली की ती कुणाच्या तरी हातची आली.

वाचायला बसले तेव्हा कळलं की या होड्यांच्या मागे केवढा इतिहास आहे. १९५८ मध्ये डिक फिशरने रे हंट या नौकाशिल्पीच्या मदतीने १३ फुटी बॉस्टन व्हेलर काढली. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम भरलेली, बुडणारच नाही अशी. हे लोकांना पटावं म्हणून फिशर स्वतः बोटीत बसला आणि ती मधोमध करवतीने कापायला लावली. १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकात ते फोटो छापून आले. कोट-टाय घातलेला माणूस शांतपणे बसलाय, बोट कापली जातेय, आणि मग तो मागच्या अर्ध्या तुकड्याची मोटर चालू करून निघून जातोय. याच रे हंटने खोल 'व्ही' आकाराचा तळ रूढ केला. त्या तळाच्या 'मॉपी' नावाच्या बोटीने १९६० ची मायामी ते नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, आणि मग सगळ्यांनीच तो तळ उचलला. आज जुनी बोट बघायला गेलं की विकणारा हटकून सांगतो, मागे २४ अंशांचा व्ही आहे. खरं आहे, २४ अंशांचा तळ लाट कापत जातो, कंबरेचे मणके शाबूत ठेवतो. पण तीच बोट गळ टाकून उभी केलीत की या कुशीवरून त्या कुशीवर डोलत बसते. टँपा बे उथळ, सरासरी खोली जेमतेम ११-१२ फूट. वारा आणि ओहोटी एकमेकांना भिडली की इथे आखूड, उभ्या, चिडक्या लाटा उठतात. बाहेर गल्फमध्ये जायचं नसेल तर एवढा खोल तळ कशाला, आणि जायचं असेल तर उथळ तळाने पाठ मोडेल. यावर मी इथल्या जाणत्या लोकांची भांडणं ऐकलीत, आणि दोन्ही बाजू तावातावाने आपापल्या बोटीचाच कैवार घेत असतात. आम्ही मधलं काहीतरी बघायचं ठरवलं. अंशांपेक्षा महत्त्वाचं दुसरंच आहे हे लवकरच कळलं.

ते म्हणजे मीठ.

मीठ आपलं काम उजेडात करत नाही. बोटीवर दिसतं ते सगळं पॉलिश करता येतं. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, निस्तेज झाला की मशीन फिरवून आरशासारखा होतो, गाद्या नव्या शिवता येतात, स्टेनलेसवर कापड फिरवलं की झालं. मीठ बसतं ते वायरींच्या आत. साध्या तांब्याच्या वायरीत खारा ओलावा वातीसारखा आत शिरतो आणि वरचं प्लास्टिक सोललं की तांबं काळं पडलेलं असतं. म्हणून बोटीत कल्हई केलेल्या तांब्याची वायर लागते. हार्डवेअरच्या दुकानातली स्वस्त वायर कुणी ओढून ठेवली असेल तर तो माणूस बाकी ठिकाणीही असाच वागला असणार, हे गृहीत धरावं. मीठ बसतं डेकखालच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत. या टाक्या फोममध्ये पुरलेल्या असतात. टाकी आणि फोम यांच्यात खारं पाणी साचून राहतं आणि वर्षानुवर्षं एकेक सुईएवढं छिद्र पाडत जातं. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, उभ्या बोटीत ते तळाशी जाऊन बसतं. टाकी बदलायची म्हणजे पुष्कळ बोटींत डेक कापावा लागतो. आणि मीठ बसतं इंजिनाच्या पायात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या मोठ्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डांचा एक प्रकार इथे बदनाम आहे. एक्झॉस्टचा आतला रस्ता धूर आणि खाऱ्या पाण्याने खाल्ला जातो, बाहेरून कळत नाही, आणि मग एके दिवशी पाणी जिथे जायला नको तिथे पोचतं. मेकॅनिकला तिथे लहान कॅमेरा घालायला लावायचा, असं मला एका मरीनातल्या म्हाताऱ्याने न विचारता सांगितलं. फुकटचे सल्ले या गावात भरपूर मिळतात, पण हा कामाचा निघाला.

सगळ्यात घाबरवणारी जागा म्हणजे ट्रान्सम, ज्यावर अडीचशे किलोंच्या आसपासचं इंजिन टांगलेलं असतं. जुन्या बोटींत ही भिंत म्हणजे फायबरच्या दोन कातड्यांमध्ये प्लायवूड. बाहेरून फायबर ठणठणीत आणि आत लाकूड कुजून भिजलेलं, हे सर्रास. कुणीतरी कधीतरी मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर लावायला चार स्क्रू मारतो, भोकात सीलंट भरत नाही, आणि तिथून पाणी मुरायला लागतं. आम्ही एका बोटीसाठी सर्व्हेअर, म्हणजे घेण्याआधी बोट तपासून देणारा माणूस, नेला होता. वयस्क माणूस, गुडघ्यांना पॅड बांधलेले, हातात प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी. तो बोलतच नव्हता. ट्रान्समवर वितीवितीच्या अंतराने टकटक करत गेला, आणि मला एकदम आजोळचं अंगण आठवलं, फणस उतरवायच्या आधी आजोबा असेच कान लावून टिचक्या मारायचे. टक, टक, टक, आणि मग उजव्या कोपऱ्याखाली आवाज बदलला. टक नाही, थप्प. तो थांबला. खडूने गोल काढला. पुन्हा ठोकलं, गोल मोठा केला. मग ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं, काटा पार पलीकडे गेला. शेवटी त्याने मालकाची परवानगी घेऊन सेन्सरचा खालचा एक स्क्रू काढला. आम्ही तिघं खाली वाकून बघत होतो. आधी काही नाही. मग भोकातून एक तपकिरी थेंब आला, काळ्या चहासारखा, ओघळला, त्याच्यामागे दुसरा. बोट कित्येक आठवडे कोरड्यावर उभी होती. मालकाने तो थेंब पाहिला आणि तो काही बोलला नाही. मला वाटतं, त्यालाही ते तेव्हाच कळलं. सर्व्हेअरने स्क्रू परत बसवला, त्याआधी भोकात बोटाने सीलंट भरलं. जी बोट आम्ही घेणार नव्हतो, तिच्या भोकात. त्या माणसाबद्दल माझं मत त्या क्षणी ठरलं. पुढे दुसरी बोट बघायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्या कुणाला फोनही केला नाही.

हे सगळं २०२४ च्या दोन वादळांनंतरचं. २६ सप्टेंबरला हेलीन किनाऱ्याला लागलं ते इथून बरंच उत्तरेला, पण खाडीचं पाणी रात्रीत चढून लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरलं. दोन आठवडे होतात न होतात तो ९ ऑक्टोबरला मिल्टन. त्या पंधरवड्यानंतर गावात फिरताना बोटी कुठेही दिसायच्या. कुंपणावर, रस्त्याच्या दुभाजकावर, एक तर शेजारच्या गल्लीत झाडाला टेकून. मला २०२१ चं तौक्ते आठवलं, मामाच्या फोनवरचा तो आवाज, "सगळ्यो होडये एकावर एक." तेव्हा मी इथे सुरक्षित बसून हळहळत होते. आता मीच त्या ढिगाऱ्यांतल्या बोटींची बाजारातली जाहिरात वाचत होते. कारण वादळानंतर काही महिन्यांनी त्याच बोटी धुऊन-पुसून विकायला येतात. म्हणून कन्सोलच्या आत डोकं घालून टॉर्च मारायचा. पाणी भरलं असेल तर गाळाची एक बारीक आडवी रेघ कुठेतरी राहतेच, सगळ्या उंचीवर सारखी. गाद्यांच्या खालचे स्टेपल गंजलेत का बघायचं. ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला बारा अक्षरांचा हल नंबर कागदांशी ताडून बघायचा, शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. हे सगळं करताना मनात येतं की ज्याचं घर त्या पाण्यात गेलं, त्याने बोट विकून चार पैसे उभे केले तर मी कुठल्या तोंडाने टॉर्च मारत फिरतेय? येतं मनात. टॉर्च मात्र मी मारते.

जाहिरातींत एक शब्द नेहमी ठळक असतो. कमी तास. मोटारीला जसे किलोमीटर तसे बोटीच्या इंजिनाला तास, आणि वीस वर्षांच्या इंजिनावर तीनशेच तास म्हटलं की खरेदीदाराचे डोळे चमकतात. माझं मत आता याच्या उलट झालंय. खाऱ्या पाण्यात इंजिन चालून खराब होतं त्यापेक्षा जास्त उभं राहून खराब होतं. आतल्या पाण्याच्या वाटांत मीठ वाळतं, पंपाचा रबरी पंखा एकाच बाजूला वाकून कडक होतो, पेट्रोलचं वार्निश होतं. दर आठवड्याला चालणारं, परत आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं जाणारं, दर १०० तासांनी तेल बदललेलं दीड हजार तासांचं इंजिन मी डोळे मिटून आधी घेईन. आमच्याकडे कोकणात हे पंचांगातच बसवलेलं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या ओढून वर, त्यांच्यावर झापांचं नाहीतर ताडपत्रीचं छप्पर. त्या दोन महिन्यांत तळ खरवडला जातो, फटी बुजतात, रंग लागतो, मशीन उघडून बघितलं जातं, आणि नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जाते ती तपासलेली. बंदी आहे माशांच्या विणीसाठी, पण होड्यांचंही भलं होऊन जातं. फ्लोरिडात असा थांबा नाही. बारा महिने समुद्र खुला. त्यामुळे करणारा नेमाने करतो आणि न करणारा कधीच करत नाही. त्याला करायला लावणारं कुणी नाही, पाऊसही नाही.

म्हणजे ब्रँड, तास, अंश हे सगळं दुय्यम. आपण विकत घेतो ती आधीच्या मालकाची सवय. आणि ती बोटीवर शोधावी लागते, कारण तोंडाने तर प्रत्येक जण टापटिपीचाच असतो.

मामाने सांगितल्याप्रमाणे त्या पहिल्या बोटीकडे परत जायचं होतं, पण माणसाने दुसऱ्या दिवशी दुपारीच कळवलं, विकली गेली. पुढे काही महिन्यांनी तीच बोट मला बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर दिसली. बाजूच्या निळ्या पट्ट्यावरून ओळखली. एक तरुण बाप, दोन पोरं, कुत्रा. इंजिन लगेच उठलं आणि ते सगळे हसत निघून गेले. मी तिथे उभी राहून ती पुलाकडे वळेपर्यंत बघत बसले. बिघडावी असं वाटत होतं का? थोडं वाटत होतं, खोटं कशाला बोला. मग त्या पोरांकडे बघून बरं वाटलं. त्या उबेचं कारण मला कधीच कळणार नाही.

आम्ही घेतली ती बोट जाहिरातीत कुणाच्या नजरेत भरली नसती. जेलकोट खडूसारखा, बोट फिरवलं की पांढरी पूड. कन्सोलच्या काचेला तडा. तास भरपूर. मालक पंचाहत्तरीच्या पुढचा, बायको गेल्यावर एकट्याने ट्रेलर लावणं जमेना म्हणून विकायला काढलेली. तळाला शेवाळ-शिंपले रोखणारा रंग नव्हता, म्हणजे बोट पाण्यात बांधून ठेवलेली नाही, कायम लिफ्टवर किंवा ट्रेलरवर. हे मी बघत होते तेव्हा तो माझ्याकडे बघत होता, नवऱ्याकडे नाही. "तुम्ही पाण्याजवळच्या दिसता," म्हणाला. मी मालवण सांगितलं. त्याला अर्थात ठाऊक नव्हतं, पण किनारा आहे म्हटल्यावर पुरे झालं. मी झाकणावर हात ठेवला. गार. तो हसला, "तुम्ही येईपर्यंत चालू केलं नाही. थंडच बघायचं असतं." मग त्याने कन्सोलच्या खणातून एक वही काढली. चारशे पानी, कडा फुगलेल्या, रबराने बांधलेल्या. डाव्या पानावर मासे, उजव्या पानावर काम. डावीकडे भरती-ओहोटी, वारा, कुठे काय लागलं; उजवीकडे तारखेसकट तेल, गिअरचं तेल, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, ॲनोड. एके ठिकाणी गिअरच्या तेलाबद्दल लिहिलं होतं, "जरा दुधाळ, सील बदलले," आणि पुढच्या नोंदीत, "स्वच्छ." काही वर्षांत उजवं पान डाव्यापेक्षा लांब होतं. शेवटच्या दोन वर्षांत डावी पानं जवळजवळ कोरी, उजवी मात्र चालूच. मासे पकडायला न जाताही हा माणूस महिन्याला इंजिन चालवून, धुऊन नोंद करत होता.

सर्व्हेअर आला, तोच. हातोडीला आवाज सगळीकडे एकच. इंजिन अर्धं उचलून त्याच्या पायावर त्याने आपलं वजन टाकलं आणि ट्रान्सम हलतो का ते बघितलं. हलला नाही. ट्रेलरसकट बोट महामार्गावरच्या ट्रकच्या काट्यावर नेली, वजन कागदावरच्या वजनाच्या आसपासच आलं, म्हणजे आतला फोम पाणी पिऊन बसलेला नाही. मेकॅनिकने लॅपटॉप लावला. इंजिनाच्या स्मरणात तासांचा हिशोब असतो, किती वेळ किती फेऱ्यांवर चाललं त्याचा. तो वहीशी जुळला. सहाही सिलिंडरांचा दाब एकमेकांच्या जवळ. पाण्यात उतरवल्यावर नवरा आणि सर्व्हेअर दोघे मागच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, डेकची पाणी जाण्याची भोकं उलटी भरतात का बघायला. घोट्यापर्यंत आलं, मग थांबलं. चालेल. स्कायवेच्या अलीकडे पूर्ण वेगात इंजिनाने मिनिटाला ५,७०० फेऱ्या दाखवल्या, जिथे दाखवायला हव्यात तिथेच. म्हातारा पुढे बसला होता, कानाला वारा लागू नये म्हणून टोपी खाली ओढून. परतताना मी सुकाणू घेतलं. त्याने फक्त एकदा हाताने खूण केली, डावीकडे घे, तिथे वाळू आहे. नकाशावर ती वाळू नव्हती, वहीत होती.

नकार देण्यासारखी एकच गोष्ट निघाली, आणि ती त्यानेच आधी सांगितली. टाकी. डेकवरची झाकणी उघडली की पेट्रोलचा वास येत होता, फार नाही, पण येत होता. सर्व्हेअरने दाबाची चाचणी घेतली, काटा हळूहळू खाली आला. कुठेतरी छिद्र आहे. म्हाताऱ्याला बहुधा वर्षभर ठाऊक असावं, वहीत शेवटून तिसऱ्या पानावर "टाकी?" असं लिहून पुढे काहीच नव्हतं. मला वाटतं, इथवर येऊन त्याने हात टेकले. डेक कापण्याचं काम त्या वयात कुणाच्या जिवावर करणार?

किमतीवर घासाघीस झाली. मी केली, नवऱ्याने गाडीत बसून हवामान बघितलं. टाकी, डेक कापून परत बसवायची मजुरी आणि नवीन नळ्या असा बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्याकडून आलेला अंदाज मी त्याच्यासमोर ठेवला. त्याने अर्धा मान्य केला, मी अडून बसले, तो म्हणाला वही देणार नव्हतो, वही देतो. मी म्हटलं वही आणि पाऊण. त्यावर सौदा झाला. मामाला सांगितलं तर त्याने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पुरा कित्याक नाय घेतलंस?"

कारखान्याने पुढच्या महिन्याची तारीख दिलीये. डेक कन्सोलच्या पुढे कापणार की मागे, यावर त्यांच्यातल्या दोघांचं एकमत नाही. मी दोघांनाही वहीतलं टाकीच्या मापाचं पान फोटो काढून पाठवलंय.